मदत हवी आहे: बाळाच्या टाचेच्या रक्तात टीएसएच जास्त आलाय

नवीआई: मुलीचा टाचेच्या रक्ताचा स्क्रीनिंग रिपोर्ट आलाय, टीएसएच (थायरॉईड कमी पडला की वाढणारा हार्मोन) जास्त आहे आणि खाली रिपीट लिहिलंय. फोनवर म्हणाले घाबरू नका, पुढच्या व्हिजिटला बघू. पण ती व्हिजिट अजून लांब आहे, तोवर थांबायचं का? बाळ दिसायला अगदी ठणठणीत आहे आणि आमच्या दोघांच्याही घरात कुणाला थायरॉईड नाही, मग हिलाच कसा? लवकर सांगा प्लीज, डोकं चालत नाहीये

केतकी: आकडा किती? बाळ किती दिवसांचं, पूर्ण दिवसांचं की आधी झालेलं? आणि मुख्य म्हणजे रक्त जन्मानंतर किती तासांनी घेतलं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार

अण्णा: रोज सकाळी कोवळ्या उन्हात धरा. आमच्या सगळ्या नातवंडांची कावीळ अशीच गेली.

समीर: अण्णा, त्यांनी कावीळ विचारलीच नाहीये. आणि काविळीलाही ऊन हा उपाय नाही, फोटोथेरपीत ठराविक निळा प्रकाश असतो आणि मधेमधे बिलीरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) मोजतात, उन्हात उघडं बाळ एकतर भाजतं नाहीतर गार पडतं.

अण्णा: इतकी मुलं वाढली ती काय मशीनवर वाढली का

प्राजक्ता: आमच्या बाळाला कानाच्या टेस्टमधे रेफर (म्हणजे पास नाही, परत तपासा) आलं होतं, मी रात्रभर रडले, पण कानात जन्माच्या वेळचा चिकटा राहिलेला, परत केली तर दोन्ही कान पास. तुम्ही कानाची टेस्ट केली का? पहिल्या महिन्यात करून घ्या

नवीआई: कान झालेत, पास आहेत. आकडा २८. पूर्ण दिवसांची आहे, आज ९ दिवसांची. रक्त डिस्चार्जच्या वेळीच घेतलं, तेव्हा २४ तास पण झाले नव्हते

समीर: मग हेच कारण असणार! जन्मल्याजन्मल्या टीएसएच सगळ्याच बाळांचा उसळतो आणि दोनतीन दिवसांत खाली येतो. म्हणून तर सँपल शक्यतो ४८ ते ७२ तासांत घेतात. माझ्या पुतण्याचं अगदी असंच झालं, पुढच्या टेस्टला नॉर्मल. निवांत रहा, व्हिजिटलाच बघा.

नर्सताई: समीर, पहिला भाग बरोबर पण "व्हिजिटलाच बघा" असं कृपा करून कुणाला सांगू नका. मी नवजात विभागात काम करते. लवकर घेतलेलं सँपल हे कारण असूही शकतं, पण ते परत तपासूनच कळतं. खरंच थायरॉईड कमी असेल तर थायरॉईड हार्मोनची गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी, उशिराचा फटका मेंदूच्या वाढीला बसतो आणि तो मागाहून भरून निघत नाही. बाळ ठणठणीत दिसण्यावर जाऊ नका, आईचा हार्मोन वारेतून गेलेला असतो त्यामुळे सुरुवातीला बहुतेक बाळं नॉर्मलच दिसतात. घरात कुणाला नसणंही नेहमीचंच आहे, बऱ्याचदा ग्रंथीच नीट तयार झालेली नसते, अनुवंशिक असेलच असं नाही.

आता मला सांगा, डोळे अजून पिवळे आहेत का? दूध पिता पिता झोपते का, शी घट्ट होते का, रडताना आवाज घोगरा येतो का? आणि नाळेला पोव्हिडोन आयोडीन लावताय का? त्यानेही टीएसएच वाढू शकतो.

नवीआई: आयोडीन नाही लावलं. डोळे थोडे पिवळे आहेत अजून आणि पिताना सारखी झोपते, तळवे चोळून उठवावं लागतं. मला वाटलं सगळीच बाळं झोपतात

केतकी: झोपतात पण तुम्ही हे सगळं डॉक्टरांना आजच सांगा

अण्णा: पिवळे म्हणजे कावीळच ना, मी म्हणत होतो

नर्सताई: अण्णा, कावीळ रेंगाळण्यामागे कधी कधी थायरॉईडच असतो, म्हणून ऊन दाखवत वेळ घालवायचा नाही. ९ दिवसांच्या बाळात थोडा पिवळेपणा असू शकतो, पण १४ दिवसांनंतरही राहिला तर डायरेक्ट बिलीरुबिन (यकृत-पित्ताचा त्रास कळणारी रक्ततपासणी) करायलाच हवं. शी पांढरट किंवा लघवी गडद पिवळी झाली तर तोवरही थांबू नका, पित्तनलिकेचा आजार असू शकतो आणि त्याचं ऑपरेशन जितकं लवकर तितकं चांगलं.

नवीआई, आत्ताच फोन करा. शिरेतून रक्त घेऊन टीएसएच आणि फ्री टी४ (थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन) करायचंय एवढंच सांगा.

नवीआई: केला, उद्या सकाळी बोलावलंय. उपाशी ठेवायचं का हिला? आणि गोळी एवढ्याशा बाळाला देणार कशी

नर्सताई: उपाशी अजिबात नाही, सुई टोचताना अंगावर घेतलंत तर रडेलही कमी. गोळी लागलीच तर चुरून चमचाभर दुधात द्यायची, पूर्ण बाटलीत नको, दूध उरलं तर डोस उरतो. लोहाचे थेंब असतील तर ते गोळीसोबत नाहीत, काही तासांनी.