दोर एवढा लांब का सोडतात?

वर एकांनी लिहिलंय, 'टग म्हणजे टग, बंदरातला काय नि खोल समुद्रातला काय.' टग म्हणजे दुसरी जहाजं दोरानं ओढणारी ताकदवान बोट. पण दोन्ही सारखेच, हे मला अजिबात पटत नाही.

आमच्या कोल्हापूरकडं गळीत हंगामात रुतलेली उसाची ट्रॉली ओढताना साखळी ढिली ठेवून झटक्यात क्लच सोडला, की कडी तुटलीच म्हणून समजा. अशी वाकलेली, अंगठ्याएवढी जाड पिन मी हातात घेऊन बघितलीय. समुद्रात दोन्ही जहाजं वरखाली होतात, म्हणजे असा हिसका दर लाटेला! म्हणून शेकडो मीटर पोलादी दोर सोडतात. स्वतःच्या वजनानं तो पाण्यात झोळीसारखा लोंबतो आणि हिसका ती झोळी ताणण्यातच जिरतो. बंदरातल्या टगला याची फारशी गरजच पडत नाही.

तरीही दोर तुटतोच. ब्रिटिश नौदलानं दुसऱ्या महायुद्धात बस्टलर वर्गाचे 8 टग बांधून घेतले. त्याच वर्गातला 'टर्मॉइल' जानेवारी 1952 मध्ये खासगी कंपनीकडं भाड्यानं असताना कलंडलेल्या 'फ्लाइंग एंटरप्राइज' या मालवाहू जहाजाच्या मदतीला गेला. तिथं कॅप्टन कार्लसन एकटेच उरले होते, दोर बांधायला दुसरा हात नाही. टगवरचे मेट (कॅप्टनच्या हाताखालचे अधिकारी) केनेथ डॅन्सी यांनी सरळ त्या जहाजावर उडी मारली! दोर लागला, इंग्लंडचं फालमथ बंदर जवळ येत होतं, आणि तो तुटला. 10 जानेवारीला जहाज बुडालं. दोघं आडव्या झालेल्या धुराड्यावरून समुद्रात उतरले, आणि टर्मॉइलनंच त्यांना उचललं.