समर्पण देवाला की कमिटीला?

जुना मिलवाला:
सगळ्यांना सलाम. गेल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेशाला बायबलातल्या रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय होता, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असा, तोच. आता मागचं सांगतो. त्याच्या आदल्या रविवारी उपासना सुटल्यावर माझ्या आत्याने मंडळीच्या कमिटीला छताच्या फंडाचा हिशेब विचारला होता. विचारला म्हणजे काय, पर्समधून पावती काढून पुढे धरली. दोन वर्षांपूर्वीची, पाचशेची, घडीवर फाटत आलेली. पत्रे अजून तेच आहेत, पावसाळ्यात वेदीशेजारी बादली ठेवतो आम्ही. उत्तर मिळालं, "बाई, देवाला दिलं ना? मग समर्पण शिका." आणि पुढच्याच रविवारी हा अध्याय!
गेथशेमाने बागेत येशू "माझ्या इच्छेप्रमाणे नको" म्हणाला ते पित्याला. रोमी सुभेदार पिलाताला नाही.

कडक भाकरी:
पिलाताचं नाव तुम्ही काढलंत म्हणून. योहान १९:११ वाचा. तुला वरून अधिकार मिळाला नसता तर माझ्यावर तुझं काही चाललं नसतं, असं येशू त्याला तोंडावर सांगतो. म्हणजे परक्या रोमी सुभेदाराचा अधिकारसुद्धा त्याने मानला, आणि आपल्याला आपल्याच मंडळीतले वडील चालेनात? उपासना संपते न संपते तोच दारात हिशेब काढायचा, ही कुठली रीत? आधी पाळक साहेबांना घरी जाऊन भेटायचं होतं.

जुना मिलवाला:
दोनदा भेटली ती. दोन्ही वेळा चहा मिळाला.

पूर्व भागातला:
😂 चहा तरी मिळाला की ओ.
भाकरीवाले, वरून मिळालेला अधिकार म्हणजे वर जाब द्यायचा अधिकार. त्याच वचनात पुढे पापाची गोष्ट आहे, ती का गाळली? आणि "मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे" हे येशूचा शिष्य पेत्र कुणाला म्हणाला? कैसराला नाही, यरुशलेमच्या धर्मसभेला. म्हणजे त्या काळच्या कमिटीलाच म्हणा.
आणखी एक. १९३० च्या मे महिन्यात आपल्या सोलापुरात लष्करी कायदा लागला, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. रोम १३ तुम्ही लावता तसा लावला तर चार पुतळ्यांपाशी हार घालणंसुद्धा पाप ठरायचं.

कडक भाकरी:
कुठला विषय कुठे नेलात! इंग्रज सरकार आणि पाचशेची पावती एका तराजूत? अधीन असणं म्हणजे मुकं असणं नाही, हे मलाही कळतं. पण आजकाल ज्याला त्याला "मी फक्त देवाचं ऐकतो" म्हणायची सवय लागलीय. बहुतेकदा तो देव त्याच्या मनासारखंच बोलतो.

शेंगाचटणी:
हे मात्र खरं. मीही असं वागलेय. युवक संघाच्या एका भांडणात प्रार्थना करून आल्याचं सांगितलं आणि स्वतःचंच घोडं पुढे दामटलं. तरीसुद्धा मी आत्याच्या बाजूने. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन लगेच तिथल्या ख्रिस्ती जोगिणी (नन) आणि बिशपांशी पत्रांतून वाद घालत होत्या. ब्राह्मणांचं जू उतरवलं ते दुसऱ्याचं चढवायला नव्हे, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी उभारलेलं केडगावचं मुक्ती मिशन बघितलेल्याने त्यांच्या समर्पणावर शंका घेऊन दाखवावी.
हिशेबाचं म्हणाल तर करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८, वचनं २० आणि २१. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौल सोबत माणसं घेतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून. प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही चोख असावं, असं लिहितो. खुद्द पौल!

कडक भाकरी:
हे वचन माझ्या ध्यानात नव्हतं. हिशेब लावायला हवा, मान्य. दारात विचारायला नको होता, यावर मी ठाम.

जुना मिलवाला:
आत्याला वाचून दाखवलं. म्हणते, ते करिंथचं वचन मोठ्या अक्षरात लिहून दे, चष्मा दुरुस्तीला टाकलाय. पावतीची झेरॉक्स काढून आणलीय तिने. तीन प्रती.