मदत हवी आहे: अमेरिकेहून आलेला फोन, कॉल आला की नेट बंद (इंदूर)

इंदूरची_सूनबाई

नमस्कार मंडळी,

प्रश्न सासऱ्यांच्या फोनचा आहे. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. दिरांनी न्यू जर्सीहून येताना नानांसाठी स्वतःचा वापरलेला अँड्रॉइड फोन आणला होता. काच धड आहे, बॅटरी दिवसभर टिकते, कॅमेरा तर माझ्या फोनपेक्षा चांगला. ४जी येतं. सकाळी पूजा आटोपली की नाना त्यावर कीर्तन लावून बसतात.

मात्र कोणाचा फोन आला की वरच्या कोपऱ्यातलं ४जी जातं आणि तिथे नुसता 'ई' दिसतो. कीर्तन थांबतं, गोल चकरी फिरत राहते. बोलणं संपल्यावरही ४जी लगेच परतत नाही. पूर्वी असं नव्हतं. कॉल आला की 'एच' यायचा आणि बोलता बोलता नेटही चालायचं. नानांच्या मते घरात कोणीतरी सेटिंग बिघडवली आहे, आणि घरात दिवसभर असते मी!

मुलाने त्याच्या फोनमधलं दुसऱ्या कंपनीचं कार्ड घालून पाहिलं. नेट उत्तम, पण कॉल ना येतो ना जातो. जेलरोडवर विचारलं तर एक दुकानदार म्हणाला कार्ड बदला, दुसरा म्हणाला "फाइव्ह जी ले लो, सब चलेगा". नाना नवा फोन घ्यायला तयार नाहीत, चांगला चालता फोन का टाकायचा म्हणतात, आणि त्यांचं चूक आहे असंही नाही.

तर दोष फोनचा की कार्डाचा? सेटिंगने सुटेल का? आणि नवा घ्यायचाच झाला तर ५जी लागेलच का?

मांडवी_बडोदा

ताई, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान जवळजवळ झालंच. सेटिंग तुम्ही बिघडवलेली नाही, नानांना हे वाचून दाखवा.

४जी मुळात फक्त डेटासाठी बांधलेलं जाळं आहे. त्यावरून साधा कॉल करायला व्हीओएलटीई (व्हॉइस ओव्हर एलटीई, म्हणजे ४जीवरूनच आवाज नेणारी सोय) लागतं. ते फोनमध्ये चालू नसेल तर कॉल येताच फोन ४जी सोडून जुन्या जाळ्यावर उतरतो. पूर्वी खाली ३जी होतं, तोच तुमचा 'एच', आणि ३जीवर बोलणं आणि नेट एकत्र चालतं. आता खासगी कंपन्यांनी ३जी गुंडाळून त्या लहरी ४जीला दिल्या (एअरटेलने ते २०२० च्या सुमारास देशभर बंद केलं). त्यामुळे फोन थेट २जीवर, म्हणजे 'ई'वर आदळतो. तिथे बोलणं चालू असताना नेट थांबतं. फोन तोच आहे, त्याच्या खालची मधली पायरी काढून घेतली आहे.

मुलाचं कार्ड जिओचं असणार. २०१६ साली सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे २जी-३जी नाहीच, उतरायला जागाच नाही. म्हणून नेट चालतं आणि कॉल लागत नाही.

खात्री करायची असेल तर डायल पॅडवर *#*#४६३६#*#* दाबा (आकडे अर्थात इंग्रजी). फोनची माहिती निवडली की आयएमएस (नेटवरून कॉल नेणारी कंपनीची यंत्रणा) सर्व्हिस स्टेटस असं काहीसं सापडेल. तिथे व्हॉइस ओव्हर एलटीईपुढे काय लिहिलंय ते इथे सांगा. काही ब्रँडमध्ये हा कोड उघडत नाही. तसं झालं तर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये व्हीओएलटीई किंवा ४जी कॉलिंगचं बटण आहे का पाहा.

लष्करवाला_ग्वाल्हेर

एवढं कशाला? घरी वायफाय असेलच. वायफाय कॉलिंग चालू करून द्या, कॉल वायफायवरून जाईल. आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती हातभर जाड, आत टॉवर पोचतच नाही, आई तसंच बोलते.

मांडवी_बडोदा

दादा, आईंचा फोन इथलाच असेल. वायफाय कॉलिंगलाही व्हीओएलटीईसारखीच कंपनीची परवानगी लागते. मेख अशी आहे की नेट कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं, पण व्हीओएलटीईसाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या कंपनीची मांडणी (सेटिंगचा संच) आधी भरलेली असावी लागते. अमेरिकेत विकलेल्या मॉडेलमध्ये बरेचदा तिथल्याच कंपन्यांची भरलेली असते. फोनच्या अंगात सगळं असतं, पण इथल्या कंपनीशी ओळख करून दिलेली नसते.

इंदूरची_सूनबाई

कोड उघडला. आयएमएस रजिस्ट्रेशन: नॉट रजिस्टर्ड. व्हॉइस ओव्हर एलटीई: अनअव्हेलेबल. वायफाय कॉलिंगच्या पुढेही तेच. सेटिंगमध्ये ४जी कॉलिंगचं बटण दिसत नाही. सॉफ्टवेअर अपडेट शोधलं तर 'तुमचा फोन अद्ययावत आहे' म्हणतो.

नानांना वाचून दाखवलं. "बरं," एवढंच म्हणाले.

मांडवी_बडोदा

मग कार्ड बदलून काही होणार नाही. नेटवर फोन रूट करून (म्हणजे त्याची आतली कुलपं तोडून), फाइल घालून व्हीओएलटीई चालू करायच्या युक्त्या सापडतील. नानांच्या फोनवर बँकेचं ॲप असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

माझं मत: हा फोन घरच्या वायफायवर कीर्तनाला ठेवा, कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घाला. नाना घराबाहेर नुसतं बोलणारच असतील तर कीपॅडचा ४जी फोन पुरे. पण खोक्यावर ४जी आणि व्हीओएलटीई दोन्ही लिहिलेलं पाहूनच घ्या. नुसते २जी कीपॅड फोन अजूनही दुकानात मिळतात, आणि त्यात जिओचं कार्ड कधीच चालणार नाही.

५जीचं म्हणाल तर भारतात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि दोन मोठ्या कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. जिओचं ५जी स्वतंत्र उभं आहे, बँड (लहरींचे पट्टे) एन२८ (७०० मेगाहर्ट्झ) आणि एन७८ (३३०० मेगाहर्ट्झ). एअरटेलने सुरुवात ४जीच्या खांद्यावर, एन७८ वर केली. तशा जोडणीत कॉल ४जीवरूनच जातो, म्हणजे ५जी फोनलाही व्हीओएलटीई हवंच. 'सब चलेगा' हे इथल्या बाजारासाठी बनलेल्या फोनबद्दल खरं आहे. पुन्हा परदेशातून कोणी आणला तर आधी मॉडेल नंबर टाकून त्याचे बँड बघा. ४जीचा बँड ४० (२३००) इथे जिओ आणि एअरटेल दोघेही वापरतात, तो तिकडच्या बऱ्याच मॉडेलांत नसतो. मग ४जी दिसतं, पण संध्याकाळी गर्दीच्या वेळी रेंगाळतं.

लष्करवाला_ग्वाल्हेर

हे वाचून आईच्या फोनवर कोड टाकला, अव्हेलेबल आहे. ५जीचा पैसा वाचवा, नानांना कीर्तनच ऐकायचं आहे.

इंदूरची_सूनबाई

दोघांचे आभार. कीपॅडच्या फोनला नाना कबूल झाले, अट एकच, नंबर तोच पाहिजे. तो राहील ना? आणि कार्ड तेच चालेल की दुकानातून नवं घ्यावं लागेल?

मांडवी_बडोदा

नंबर कार्डात आहे, फोन कुठलाही असो, तोच राहतो. कार्ड सध्या ४जी पकडतंय, म्हणजे बदलायची गरज नाही. फक्त आकार बघा. अमेरिकेच्या फोनमध्ये नखाएवढं नॅनो कार्ड असेल आणि कीपॅडच्या बऱ्याच फोनांत मोठा खाचा असतो. कार्ड आलं तेव्हाची प्लॅस्टिकची चौकट जपून ठेवली असेल तर त्यात बसवून घाला, नसेल तर जेलरोडवर अडॅप्टर मागा. सुटं नॅनो मोठ्या खाच्यात ढकलू नका, आत अडकतं.