जहाजांच्या ‘टनेज’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका : कारुण नदी शत्त-अल-अरब या नदीला जिथे मिळते, त्या मुहम्मरा (आजचे खोर्रमशहर) या इराणी बंदराच्या एकोणिसाव्या शतकातील वार्षिक व्यापार अहवालाचा मी अनुवाद करत आहे. १८८८ मध्ये कारुण परदेशी जहाजांना खुली झाली, त्यानंतरचा हा अहवाल आहे. आलेल्या-गेलेल्या जहाजांच्या तक्त्यात मी ‘टनभार’ लिहिले, तर एका जाणत्या वाचकाने त्याचा अर्थ ‘तितके टन माल आला’ असा लावला. तक्त्यातला टन मात्र नोंदणीचा आहे, म्हणजे शंभर घनफूट जागा. बसऱ्याकडे निघालेली आगबोट वाटेत मुहम्मऱ्याला साखरेची चार पोती उतरवून गेली, तरी नोंद तिच्या पूर्ण टनेजचीच होते. हा फरक एका शब्दात कसा आणावा?

किनारेकर : शब्द आपल्याकडे आहे : भरती. माझ्या आजोबांचा मचवा ‘दोनशे खंडी भरतीचा’ म्हणून गावात ओळखला जाई. पावसाळ्यात तो वाळूवर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेला असे आणि आत एक दाणाही नसे, तरी पाहुण्यांपुढे त्याच्या फळीवर हात ठेवून आजोबा तेच माप सांगत. रिकाम्या मचव्यालाही जे माप लागते ते मालाचे नव्हे, मचव्याचेच होय.

शब्दशोधक : आठवण मोलाची आहे, पण नदीमुखावरच्या बंदराच्या वर्णनात ‘भरती’ वाचताच कोणालाही ओहोटी आठवेल. शिवाय मुंबईची खंडी वीस मणांची, तर दुसऱ्या गावची निराळी. ती कुठे वजनाची आहे, कुठे धान्याच्या मापाची, त्यामुळे तुमचा घोटाळा तसाच राहतो.

फारसीचा विद्यार्थी : तो घोटाळा मुळातच आहे. इंग्रजी ‘टन’ हा शब्द दारूच्या मोठ्या पिंपावरून आला, म्हणजे आधी जागा आणि मग वजन. फारसीत ओझ्याला ‘बार’ म्हणतात. आपले ‘बारदान’ त्यातलेच, आणि गाढवाच्या ओझ्याइतके वजन ते ‘खरवार’. बंदर, नाखवा हे शब्दही त्याच भाषेतून आपल्या किनाऱ्यावर उतरले असताना इराणी बंदराच्या अहवालात संस्कृत ‘भारक्षमता’ घडवून बसवणे मला कृत्रिम वाटते. ‘बार’च का वापरू नये?

शब्दशोधक : कारण मराठी वाचकाला तो कळणार नाही. व्युत्पत्ती कितीही सुंदर असली तरी ती वापराचा परवाना ठरत नाही. ‘भारक्षमता’ही चूकच आहे, पण ती संस्कृत आहे म्हणून नव्हे, तर ‘भार’ म्हणताच पुन्हा वजन आले म्हणून. ‘नोंदणी टन’ लिहावे आणि तक्त्याखाली एक ओळ द्यावी.

किनारेकर : ज्यांनी जहाजे हाकली त्यांचा शब्द संदिग्ध, आणि कचेरीत घडवलेला तेवढा नेमका, हे मला मान्य नाही. ‘भरतीचा मचवा’ आणि ‘भरतीचे पाणी’ यांत आमच्या वाडीतले पोरही कधी गोंधळले नाही, कारण मागचापुढचा शब्द अर्थ सांगतो. दुसरे असे की नाखवा हा फारसी ‘नाखुदा’ असेलही, पण आमच्याकडे नाखवा बहुधा मालकच असतो, केवळ जहाज हाकणारा नव्हे. शब्द आला तिकडून, त्याचा अर्थ इथे घडला.

फारसीचा विद्यार्थी : ‘नाव’ आणि ‘खुदा’, म्हणजे नावेचा धनी. मालकीचा अर्थ मुळातच आहे, तो इथे घडलेला नाही.

अनुवादिका : तक्त्याच्या मथळ्यात मी तूर्त ‘नोंदणी टन’ ठेवते. अडचण मजकुरात आहे. मुहम्मऱ्याला मोठ्या आगबोटीतून उतरलेली कापडाची तीच गाठ कारुणमधून वर अहवाझकडे जाणाऱ्या लहान आगबोटीत चढते. अहवाझला खडकाळ धावत्या पाण्यामुळे ती पुन्हा उतरवून, धार ओलांडून, शुश्तरकडे जाणाऱ्या दुसऱ्या बोटीत भरावी लागते. गाठ एकच, पण ती तीन बोटींतून जाते आणि प्रत्येक बोटीचे टनेज वेगळे मोजले जाते. या परिच्छेदात ‘नोंदणी टन’ वारंवार आला की वाक्य लंगडते, तिथे मला ‘भरती’च जवळची वाटते.

शब्दशोधक : एकाच अहवालात एका मापाला दोन शब्द ठेवू नका, एवढी माझी विनंती आहे.

किनारेकर : मग मथळ्यातही ‘भरती’च ठेवा.