मदत हवी आहे : सर्व्हलेटच्या पानावर मराठी नावांऐवजी प्रश्नचिन्हे येतात

घाईतला_गडी: जावा सर्व्हलेटमधून (सर्व्हरवर वेबपान बनवणाऱ्या जावा प्रोग्रॅममधून) तयार होणाऱ्या पानावर सभासदांच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. सेटकंटेंटटाइपमध्ये (पानाचा प्रकार आणि चारसेट, म्हणजे अक्षरांचे बाइट बनवण्याची पद्धत, ठरवणाऱ्या आदेशात) ‘टेक्स्ट/एचटीएमएल; चारसेट=यूटीएफ-८’ असे लिहिले आहे, पानातच चारसेट सांगणारा मेटा टॅगही आहे. उद्या हे पान दाखवायचे असल्यामुळे कृपया थेट उपाय सांगावा.

बोरूबहाद्दर: संगणकावर देवनागरी फाँट बसवून पाहावा.

खटपट्या: फाँट नसेल तर रिकामे चौकोन दिसतात. लॅटिन अक्षरांचा काला दिसत असता, तर बाइट योग्य आले आणि ब्राउझरने ते चुकीचे वाचले असे म्हणता आले असते. परंतु खरोखरच प्रश्नचिन्हे असतील तर अक्षरे सर्व्हरवरच नष्ट झाली आहेत. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कंटेंट-टाइप हेडर (सर्व्हर पानासोबत पाठवतो ती प्रकाराची व चारसेटची नोंद) काय दिसतो, हे आपण सांगितलेलेच नाही.

तक्तेवाले_काका: हेडर कशाला पाहता? दोष मायएसक्यूएलचा (नावे साठवणाऱ्या डेटाबेसचा) आहे, तक्ता यूटीएफ८एमबी४ (चार बाइटांपर्यंतच्या अक्षरांचा संच) करावा.

खटपट्या: काका, देवनागरी अक्षर ३ बाइटांत मावते, त्यामुळे मायएसक्यूएलचा जुना, तीन बाइटांपर्यंतचा यूटीएफ८ संचही त्याला पुरतो, चौथा बाइट इमोजींना लागतो.

तक्तेवाले_काका: आणि तक्ता लॅटिन१ (देवनागरी नसलेला संच) असेल तर? तिथेही प्रश्नचिन्हेच पडतात.

खटपट्या: हे मात्र मान्य. म्हणून ‘म’ने सुरू होणाऱ्या नावाच्या पहिल्या अक्षराचा हेक्स अंक लॉगमध्ये छापावा. ९२ई (‘म’चा युनिकोड अंक) आला तर तक्ता निर्दोष, ३एफ (प्रश्नचिन्हाचा अंक) आला तर काकांचे खरे.

घाईतला_गडी: ९२ई येतो. हेडरमध्ये मात्र आयएसओ-८८५९-१ हा चारसेट आहे, जे मी कुठेही लिहिलेले नाही.

खटपट्या: काहीच ठरवले नसेल तर सर्व्हलेट तेच गृहीत धरते. गेटरायटर (पान लिहिण्यासाठी रायटर मागणारा आदेश) कोणत्या ओळीवर आहे?

घाईतला_गडी: अर्थातच पहिल्या. त्याच्याशिवाय लिहिणार कसे?

खटपट्या: मेख तिथेच आहे. गेटरायटर मागितला त्या क्षणी चारसेट पक्का होतो. त्यानंतर सेटकंटेंटटाइपमध्ये किंवा सेटकॅरेक्टरएन्कोडिंगमध्ये (फक्त चारसेट ठरवणाऱ्या आदेशात) काहीही लिहिले तरी चारसेटपुरते ते दुर्लक्षिले जाते, आणि त्रुटीचा संदेशही येत नाही (हे मला आजही खटकते). आयएसओ-८८५९-१ मध्ये देवनागरी नसल्याने प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते. मेटा टॅगचा येथे उपयोग नाही, कारण ब्राउझर हेडरमधील चारसेटला अधिक मान देतो. सेटकंटेंटटाइपची ओळ गेटरायटरच्या वर घ्यावी.

बोरूबहाद्दर: सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली यादी) एक्सेलमध्ये उघडायची असल्यास फाइलीच्या आरंभी बीओएम (यूटीएफ ओळखवणारी खूण) घालावा.

तक्तेवाले_काका: सीएसव्हीचे कोणी विचारले?

घाईतला_गडी: ओळ वर घेतल्यावर सभासदांची यादी नीट दिसते. परंतु शोधाच्या पानावर, ओळींचा क्रम तोच ठेवूनही, प्रश्नचिन्हे कायम आहेत.

खटपट्या: त्या पानाआधी एखादा फिल्टर (सर्व्हलेटच्या आधी चालणारा कोड) शीर्षपट्टी लिहितो का? लिहीत असल्यास रायटर त्यानेच आधी घेतला असणार, म्हणून कंटेंट-टाइप त्या फिल्टरमध्येच ठरवावा लागेल. फिल्टरचा कोड येथे द्यावा.

घाईतला_गडी: फिल्टर आहे. तो दुसऱ्या सहकाऱ्याने लिहिला आहे. त्याच्याकडून मिळताच येथे देतो.