दूध संकलनाचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो – यूएसबी पोर्ट खराब की फॅट मशीनचा ड्रायव्हर?

सचिव_महिला_दूध_संस्था

नमस्कार. शिरोळ तालुक्यातल्या महिला दूध संस्थेची मी सचिव. संकलनाचा कॉम्प्युटर विंडोज १० वर आहे. फॅट मशीन आणि वजनकाटा दोन्ही जुन्या सिरियल केबलचे, म्हणून दोघांना यूएसबी कन्व्हर्टर लावलेत आणि ते मागच्या पोर्टात आहेत. पावतीचा थर्मल प्रिंटर आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह पुढच्या पोर्टात.

सकाळी रांग लागते. थोड्या पावत्या नीट निघतात, मग फॅट-एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) वाचायच्या वेळी निळा स्क्रीन येतो. कधी तोही नाही, एकदम बंदच. परत चालू करताना काळ्या पडद्यावर ‘यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट स्टेटस डिटेक्टेड’ असं येतं आणि १५ सेकंदांत मशीन पुन्हा बंद. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारून दिला, थोडे दिवस बरं चाललं, पुन्हा तेच.

०.१ फॅटने दर बदलतो. हाताने वहीत लिहिलं की दहा दिवसांच्या बिलाला बायका विचारतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. कुठून सुरुवात करू?

इचलकरंजी_हार्डवेअर

ताई, आता कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत असं मला वाटतं, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे कुणाला सापडत नाहीत.

विंडोज सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर येणारा मेसेज मदरबोर्डचा असतो. तिथे ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला यंत्राशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरचा, संबंधच नाही. कुठल्या तरी पोर्टात ५ व्होल्टची पिन शेजारच्या पिनेला किंवा बाहेरच्या पत्र्याला टेकते, करंट मर्यादेबाहेर जातो आणि बोर्ड स्वतःला वाचवायला बंद होतो. यूएसबी २.० पोर्टाची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, टॉर्च मारून पुढचे पोर्ट बघा. आतली प्लास्टिकची जीभ तुटलीय का, पिना वाकल्यात का, हिरवट गंज चढलाय का? संकलनाच्या खोलीत रोज फरशी धुतात, ओल असते, त्यामुळे गंज मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय.

पोर्ट दिसायला चांगले असले तरी एक करा. कॅबिनेट उघडा. पुढच्या पोर्टांची वायर बोर्डावर ९ पिनांच्या छोट्या सॉकेटला लागलेली असते, ती सरळ उपसून ठेवा. प्रिंटर मागे लावा. मेसेज थांबला तर दोषी सापडला. पुढच्या पोर्टांची पट्टी बदलता येते, बोर्ड बदलायची गरज नाही.

निळा स्क्रीन मात्र वेगळा. पुढच्या वेळी मोबाइलवर फोटो काढा. खाली ‘स्टॉप कोड’ असतो, कधी ‘व्हॉट फेल्ड’ म्हणून फाइलचं नावही असतं. तो फोटो इथे टाका. आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह तोवर पुढच्या पोर्टात अजिबात लावू नका. शॉर्ट पोर्टात डेटा जातो, आणि तो डेटा बायकांच्या पैशाचा आहे.

फॅटमशीन_सर्व्हिस

वरच्यांचं बरोबर आहे, पण अर्थिंगही तपासा. बऱ्याच संस्थांत काटा आणि फॅट मशीन विजेच्या एका बोर्डावर, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर. दोघांच्या अर्थमध्ये फरक पडला की तो करंट सिरियल केबलच्या ग्राउंडमधून कन्व्हर्टरमध्ये आणि तिथून यूएसबीत शिरतो. कन्व्हर्टरपासून केबल सोडवा. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून केबलच्या कनेक्टरचा पत्रा आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यात मोजा. वीस-तीस व्होल्ट दिसले तर आधी वायरमन बोलवा. सगळं एकाच अर्थिंगवर घ्या आणि आयसोलेटेड कन्व्हर्टर (दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडणारा) लावा. यंत्रं चालू असताना सिरियल केबल काढ-घाल करू नका.

सचिव_महिला_दूध_संस्था

दोघांचे आभार. पुढच्या एका पोर्टाची जीभ तुटून पिना पत्र्याला टेकल्या होत्या. वायर उपसल्यापासून काळा मेसेज नाही, एकदम बंद पडणंही थांबलं. निळा स्क्रीन मात्र आज आला. कोड ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, आणि खाली फॅट मशीनच्या कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरची फाइल. वायरमन उद्या येतोय.

इचलकरंजी_हार्डवेअर

मग दुसरा दोषीही सापडला. ड्रायव्हरने आपली नसलेली मेमरी चुकीच्या वेळी वापरली की हा कोड येतो. फॉरमॅटनंतर थोडे दिवस बरं चाललं, कारण तेव्हा जुना ड्रायव्हर होता. अपडेटमधून नवा आला असणार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ उघडा, कन्व्हर्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक’ दाबा. ते फिकट दिसलं तर ‘अपडेट ड्रायव्हर’मधून यादी उघडून आधीची आवृत्ती निवडा. जुन्या ड्रायव्हरवर चालतं आणि नव्यावर ‘कोड १०’ (डिव्हाइस सुरू होत नाही) येतो असं झालं, तर कन्व्हर्टरमधली चिप नकली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा ड्रायव्हरशी झगडू नका, कन्व्हर्टरच बदला. आयसोलेटेड घ्यायचाच आहे, तर एका खर्चात दोन्ही कामं होतील.

डिव्हाइस मॅनेजरमध्येच ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची खूण काढा. दोन गवळणींच्या मध्ये मशीन जरा थांबलं की विंडोज पोर्ट झोपवतं आणि पुढचं वाचन अडकतं.

सचिव_महिला_दूध_संस्था

रोल बॅक झालं, संध्याकाळचं संकलन न अडखळता पार पडलं. पण कन्व्हर्टर दुसऱ्या पोर्टात लावल्यावर सॉफ्टवेअरला फॅट मशीन दिसेना, विंडोजने दिलेला पोर्टाचा नंबर कॉम ३ चा कॉम ७ झालाय.

इचलकरंजी_हार्डवेअर

ज्या चिपमध्ये स्वतःचा सिरियल नंबर नसतो तिला प्रत्येक पोर्टात नवा कॉम नंबर मिळतो. पोर्ट सेटिंग्जमध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ उघडून पुन्हा कॉम ३ निवडा. ‘वापरात आहे’ म्हणालं तरी हो म्हणा, ती जुनी नोंद आहे. वजनकाट्याचा नंबर मात्र आधी बघून घ्या, तोच निवडला जाऊ नये. मग दोन्ही केबलांवर आणि पोर्टांवर मार्करने ‘काटा’ आणि ‘फॅट’ लिहून टाका.