मदत हवी आहे: घरून काम, दिवसभर चरणं आणि दुपारची झोप

आधीच सांगते, जिम सुचवू नका. पैसे भरून झालेत.

मुलुंडला वन बीएचके, मी आणि आई-बाबा. गेल्या वर्षापासून काम पूर्ण घरून, दहा ते सात. ऑफिसला जायचे तेव्हा सकाळी सातला भरलेला डबा एकला उघडायचा. तीन पोळ्या, भाजी, संपला विषय. स्टेशनचे जिने, दादरचा पूल, हे चालणं तर कधी मोजलंच नव्हतं. आता खुर्चीपासून फरसाणाचा डबा सहा पावलांवर. कॉल लांबला की उठते, मूठ भरते, जागेवर येईपर्यंत मूठ रिकामी.

दुपारी गरम वरणभात. "एवढासा तर आहे" म्हणत दुसऱ्यांदा भात येतोच. अडीचला डोळे मिटायला लागतात, मग चहा. चारला चहा. साडेपाचला आईचा होतो म्हणून अर्धा कप. खरं काम सहानंतर सुरू होतं, त्यामुळे जेवण दहाला. परवा तर कॅमेरा चालू असताना बाजूने हिरव्या बांगड्यांचा हात आला आणि कीबोर्डवर शिऱ्याची बशी. साहेब हसले. मी शिरा संपवला.

मटकी भिजवून पाहिली, पावसाळ्यात मोडांच्या आधी वास येतो. फरसाण आणायचं बंद केलं, तर बाबांनी पाहुण्यांसाठी आणलं. पाहुणे आलेच नाहीत. एक दिवस नुसतं सॅलड खाल्लं आणि चारला वडापाव मागवला.

वेगळा स्वयंपाक न करता, आईला न दुखावता काही जमेल का? हिमोग्लोबिनही १०.२ आलंय.

प्रतिसाद १
आधी चहाच्या वेळा हलवा. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार-मार्गदर्शिकेतही जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असं दिलंय. वरणावर लिंबू पिळत जा. पण बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय, तेव्हा डॉक्टरांना दाखवाच. पालकावर भागवू नका.

प्रतिसाद २
सगळा दोष भाताला नको. दुपारी शरीर तसंही मंदावतं, जड जेवणाने ते जास्त जाणवतं. आधी कोशिंबीर-उसळ, मग भात. जेवल्यावर बिल्डिंगखाली दहा मिनिटं फेऱ्या. डोकं लागणारं काम सकाळीच उरका.

प्रतिसाद ३
घरीच डबा भरा. थट्टा नाही. सकाळी सगळ्यांसाठी होतं तेच, आईंनाच भरायला सांगा. छोट्या डबीत चारसाठी फुटाणे आणि एखादं फळ. ताटात वाढता येतं, बंद डब्यात नाही.

धागाकर्ती
आईला सांगितलं. म्हणाली, "डबाच न्यायचा तर ऑफिसला जा ना." पण संध्याकाळी बघते तर माझा जुना डबा घासून ओट्यावर पालथा घातलेला. सोमवारपासून सुरू. आता फरसाण कुठे ठेवू तेवढं सांगा. माळ्यावर आईचा हात पोचत नाही, माझा पोचतो.